सही, शिक्का आणि पोचपावती

३ एप्रिल

ताई,

मायना काय लिहावा यावर दोन कागद फाडले. 'तीर्थरूप' लिहिलं तर तुला वाटेल टोमणा मारतेय, आणि 'प्रिय' लिहिलं तर म्हणशील, एवढं प्रिय होतं तर पाच महिने कुठे होतीस? म्हणून नुसतंच ताई. ते काही खोडता येत नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतेस, पण पुढे काही नाही. शेवटी मी माझ्या धंद्यातलं हत्यार बाहेर काढलं. रजिस्टर पत्र, पोचपावतीसकट. सोळा वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसलेली बाई आहे मी, आता बिनपगारी रजेवर असले म्हणून काय झालं? आणि पत्र घरी न पाठवता मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. शाळेत आलेला कागद आवक-रजिस्टरात चढतो, आणि एकदा त्याला नंबर पडला की मुख्याध्यापिकेलासुद्धा तो फाडता येत नाही. पाकिटावर 'खासगी' असं लिहिलंय. तरी हेडक्लार्ककाकांनी फोडलंच असेल तर काका, नमस्कार, आणि आता पुढचं वाचू नका. तुला पत्र नकोच असेल तर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत कर. नियम मला पाठ आहेत.

आधी कामाचं सांगते. काम आहे मुंगीच्या शाळेचं. (तू ठेवलेलं नाव इथेही तेच चालू आहे, तिच्या पासपोर्टवरचं नाव फक्त सरकारी माणसं घेतात.) तिच्या बाबांचा पूल बांधून व्हायला दोन वर्षं लागणार. इथल्या साध्या शाळांत सगळं इथल्या भाषेत चालतं. ती भाषा तिला येईपर्यंत आमची परतायची वेळ होईल, म्हणून कंपनीने सांगितलं की इंटरनॅशनल स्कूलमध्ये घाला. घाला म्हणे! पोरीला लष्करात घालणं सोपं असेल. शाळा सोडल्याचा दाखला, दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसींचं कार्ड, आमची लग्नाची नोंद, आणि 'आपल्या पाल्याकडून आपल्या अपेक्षा' यावर आम्हा दोघांचे स्वतंत्र निबंध. पूलवाल्याने त्याच्या निबंधात मुद्द्यांना १.१, १.२ असे नंबर घातले.

हे सगळं दिलं. राहिला एकच कागद, गोपनीय अभिप्राय. तो जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी भरायचा, पाकीट बंद करून त्यावर शिक्का मारायचा आणि परस्पर इकडे धाडायचा. आईबापांनी बघायचा नाही. जगात एवढ्या मुख्याध्यापिका असताना माझ्या वाट्याला तूच आलीस.

फॉर्म सोबत आहे. तुला वेळ नसतो म्हणून मीच पेन्सिलीने भरून दिलाय. तू फक्त शाईने गिरव, सही कर आणि शिक्का मार. शेवटची तारीख पंधरा जून.

मुंगी मजेत आहे. फेब्रुवारीत शाळेत मुलाखत झाली, छान झाली. घरात दिवसभर बडबड चालू असते. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या बाबांच्या पुलाची क्रेन दिसते, आणि संध्याकाळी क्रेन थांबली की ती ताटं घ्यायला लागते.

परवा तिला मी तुझी गोष्ट सांगितली. मी पहिलीत गेले तेव्हा आठ दिवस तू माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभी होतीस. आई आजारी, बाबा फिरतीवर, आणि मी भोकाड पसरून बसलेली. सोळा वर्षांची तू, स्वतःचे तास बुडवून खिडकीच्या गजाला धरून उभी. मी वळून बघायचे, तू आहेस म्हणून खात्री करायची, आणि मग एक अक्षर काढायचे. नवव्या दिवशी मी वळून बघायला विसरले. तू म्हणतेस की त्या दिवशी तुला जरा वाईटच वाटलं होतं.

सही तेवढी कर.

तुझी,
धाकटी


२९ एप्रिल

ताई,

पोचपावती आली. सही शिपाईमामांची. पण खालचा शाळेचा गोल शिक्का अगदी सरळ आहे, मधोमध. मामांनी जन्मात कधी शिक्का सरळ मारला नाही. म्हणजे पत्र तुझ्या टेबलावर गेलं, तू वाचलंस, आणि शिक्कासुद्धा तूच मारलास. अभिप्राय मात्र आला नाही.

आज त्या शाळेत तिसऱ्यांदा जाऊन आले. तिथे काचेची खोली आहे, बाहेर बुटके सोफे. त्यावर बसलं की गुडघे हनुवटीला लागतात, म्हणजे पालक आपोआप लहान होतात. एक आई आपल्या पोराकडून रंगांची नावं घोकून घेत होती. एका बापाच्या फायलीला अकरा रंगीत चिकट्या होत्या. प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाई गोल चष्म्याच्या आहेत, आवाज मऊ, पण 'नाही' म्हणून मान हलवली की हलवली. त्या म्हणाल्या, "तुमच्या जुन्या शाळेकडून अजून काही आलं नाही."

मी म्हटलं, "आमच्याकडे पोस्ट जरा हळू आहे."

ताई, मी पोस्टाला दोष दिला! सोळा वर्षांत पहिल्यांदा. तुझ्यापायी.

एवढा राग? माझ्यावर आहे तो माझ्यावर काढ ना. लेकराच्या वाटेत कशाला आडवी येतेस? एक सही करायला तुझा हात झडतो का? शाळेतल्या चारशे पोरांवर माया, आणि सख्ख्या भाचीला मात्र नियम. तुझं मन एवढं कोतं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

वरचं खोडणार होते, पण राहू देते. चहा पिऊन आलेय. तुला माझा स्वभाव माहीत आहे, ठिणगी पडायचा अवकाश.

चहा करताना एक आठवलं. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी तू पुस्तकांना कव्हरं घालायला खळ शिजवायचीस. मैदा, पाणी आणि चिमूटभर निळं मोरचूद, कागदाला कीड लागू नये म्हणून. मोरचुदाच्या पुडीला मी हात लावला तर पाठीत धपाटा. बाबांच्या पार्सलांचा खाकी कागद वर्षभर गादीखाली सपाट करून ठेवलेला असायचा. तू पुस्तकं मापायचीस, घड्या घालायचीस, आणि पातेलं खिडकीत गार व्हायला ठेवायचीस. मला कुठला दम! बोट बुडवून तशीच गरम गरम फासायचे, मग कागद सुजायचा, सुरकुतायचा, बोट भाजायचं आणि वर रडायचेही मीच. तू म्हणायचीस, "अगं, गार होऊ दे." दरवर्षी तेच. माझी सगळी पुस्तकं वर्षभर सुरकुतलेली, आणि तुझी अशी की दुकानातून आणल्यासारखी.

आतून आई विचारायची, "झालं का गं पोरींनो?" आणि तू माझं सुरकुतलेलं पुस्तक खाली लपवून वरचं नीट पुस्तक तिला दाखवायचीस.

पंधरा जून विसरू नकोस.

धाकटी


१८ मे

ताई,

काल तुझं पाकीट आलं. सुट्टीतही तू ऑफिसात जाऊन बसतेस हे माहीत होतं, म्हणून वाट बघतच होते. पाकीट मुंगीसमोर फोडलं नाही, न्हाणीघरात जाऊन दार लावून फोडलं.

पत्र नाही, चिठ्ठी नाही. माझाच फॉर्म, माझ्याच पेन्सिलीचा मजकूर, आणि त्यावर तुझी लाल शाई. 'बोलकी' खाली रेघ. 'धीट' खाली रेघ. 'अनोळखी माणसांत चटकन मिसळते' याच्याखाली दोन रेघा. आणि समासात एकच शब्द.

'कोण?'

आधी संतापले. मग हसू आलं, कारण माझ्या निबंधाच्या वहीत तू अगदी असंच लिहायचीस. मग त्या टबाच्या काठावर बसून खूप रडले. नळ सोडून ठेवला होता, पूलवाला बाहेरून म्हणाला, "पाणी वाया जातंय."

तर आता खरं लिहिते.

मुलाखत छान झाली नाही. चाळीस मिनिटं मुंगी एक शब्द बोलली नाही. काचेच्या खोलीत गोल टेबल, त्यावर रंग, चित्रं, लाकडी ठोकळे. त्या बाईंनी नाव विचारलं. मग आवडता रंग. मग म्हणाल्या, बोलू नकोस, नुसतं चित्रावर बोट ठेव. ही आपली दोन्ही हात मांडीखाली दाबून टेबलाच्या कडेकडे बघत बसलेली. भाषेची अडचण असती तर मी समजले असते. पण इंग्रजी तिला समजतं, ते तूच तिला शिकवलंस. मी काचेबाहेर त्या बुटक्या सोफ्यावर होते. मला वाटलं, एकदा तरी वळून बघेल. नाही बघितलं. शेवटी बाईंनी फाईल मिटली, अगदी हळू मिटली, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "जुन्या शाळेचा अभिप्राय येऊ दे. त्यावरूनच काय ते ठरवू."

नोव्हेंबरपासून ती घराबाहेर कोणाशीही बोललेली नाही. लिफ्टमध्ये नाही, दुकानात नाही, शेजारच्या मुलीशीही नाही. डॉक्टरांना दाखवलं, कान-घसा सगळं ठीक आहे. आणि घरातली बडबड मी तुला रंगवून लिहिली. घरातही ती कामापुरतंच बोलते. पूलवाला परवा म्हणाला, "मला नदीचे दोन काठ जोडता येतात, पण पोरीला बोलतं करता येत नाही." तो असं कधी बोलत नाही गं.

म्हणून मी पेन्सिलीने दुसरीच मुलगी लिहिली. वाटलं, कागदावर तरी ती धीट असू दे. एकदा आत घेतली की बोलेल हळूहळू. शाळेला फसवायचं होतं, आणि तेही तुझ्या सहीने.

आणि दुसरंही लिहिते, कारण तू ते लिहिणार नाहीस आणि विसरणारही नाहीस.

आम्ही जाणार हे मी तुला सांगितलं नाही. तू 'नको' म्हणशील याची भीती होती. तू प्रशिक्षणाला गेलीस तो दिवस बघून मी हेडक्लार्ककाकांच्या खिडकीवर दाखल्याचा अर्ज दिला. तुझी बहीण परदेशी चाललीय हे तुला दुसऱ्या दिवशी सहीसाठी आलेल्या कागदांमध्ये कळलं. तू मला बोलावून घेतलंस. ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "वर्षभर माझ्याकडे ठेव तिला. तुमचं बस्तान बसलं की घेऊन जा. या मुलीला अशी उपटून नेऊ नकोस."

त्यावर मी काय बोलले ते काकांनी ऐकलं, दारात उभ्या असलेल्या मामांनी ऐकलं. "तुला स्वतःचं लेकरू नाही म्हणून माझं ओढून घेतेस."

तू टेबलावरचा दाखला पुढे ओढलास. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पालकांची बदली' असं लिहिलंस, 'वर्तणूक' मध्ये 'उत्तम' लिहिलंस, सही केलीस, शिक्का मारलास, टिपकागद फिरवलास. दाखला माझ्याकडे सरकवून म्हणालीस, "तपासून घ्या." घ्या म्हणालीस मला.

ताई, माझं चुकलं. ज्या बाईने माझ्या वेण्या घातल्या, माझे डबे भरले, माझ्यासाठी आठ दिवस खिडकीला उभी राहिली, तिला मी म्हणाले की तुला लेकरू नाही. तुझं पहिलं लेकरू मीच होते. माफ कर असं म्हणायचं धाडसही होत नाही, तरी म्हणते.

सोबत कोरा फॉर्म आहे. पेन्सिल लावलेली नाही. जे खरं असेल ते लिही.

धाकटी


९ जून

ताई,

यावेळच्या पोचपावतीवर तुझी सही. शिक्काही आहेच, सरळ. ती मी फ्रीजवर लावलीय. पूलवाला म्हणाला, "लोक मुलांची चित्रं लावतात." म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा.

आणि परवा शाळेतून फोन आला, अभिप्राय पोचला. बंद पाकीट, शिक्का शाबूत. काय लिहिलंय ते सांगणार नाहीत. पुन्हा एकदा मुलीला घेऊन या म्हणाल्या, बावीस तारखेला. चौथीच्या वर्गात एकच जागा उरलीय, आणि तिच्यासाठी आणखी दोन मुलं रांगेत आहेत.

'खरं लिही' म्हणाले खरी, पण मला माहीत आहे, तू खरंच लिहिलं असशील. तू खोटं बोलतच नाहीस, तीच तर तुझी खोड. माझ्या चित्रकलेच्या वहीत तू काढलेलं फूल मी माझं म्हणून दाखवलं, बाईंनी शाबासकी दिली, आणि संध्याकाळी तू त्यांच्या घरी जाऊन सांगून आलीस! मी आठवडाभर तुझ्याशी अबोला धरला होता. तू रोज माझा डबा भरून दप्तरात ठेवत होतीस, आणि मी तो रोज खात होते. असला तो अबोला.

जागा मिळाली नाही तर काय, हा विषय काल घरी निघाला. पूलवाला अडखळत म्हणाला, "मग ताईंकडे ठेवू वर्षभर. त्या म्हणालेल्याच होत्या." मी भांडी घासत होते, घासतच राहिले. तू तिला ठेवून घेशील, एका शब्दाने मागचं काढणार नाहीस, हे मला माहीत आहे. ती तुझ्याकडे बोलेलही.

पण मला तिच्याशिवाय राहता यायचं नाही गं. हेच खरं तर तेव्हा तुझ्या ऑफिसात सांगायचं होतं. 'ताई, मला राहवणार नाही' एवढं साधं वाक्य होतं, ते तोंडातून निघालं नाही आणि दुसरंच काहीतरी निघालं.

बावीस तारखेला आमची आठवण कर.

धाकटी


२५ जून

ताई,

बस आधी. चष्मा लाव. दार लोटून घे, काकांना चहाला पाठव.

यावेळी काचेच्या खोलीत टेबलच नव्हतं. ठोकळे नाहीत, चित्रं नाहीत. गोल चष्मेवाल्या बाईंनी एक ढकलगाडी आणून उभी केली. त्यावर ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं, चाळीस-एक असतील. मुंगीला एवढंच म्हणाल्या, "ही लावायची आहेत. मला एकटीला होत नाही." आणि स्वतः खाली बसून कामाला लागल्या. एक प्रश्न नाही. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मुंगी पाच मिनिटं भिंतीला चिकटून उभी होती. मग पुढे झाली. बाई उंचीप्रमाणे लावत होत्या, ते तिला पटलं नाही. तिने ती रांग मोडली. पाठ निघालेली एकीकडे, पानं सुटलेली दुसरीकडे, नुसतं कव्हर गेलेली तिसरीकडे. एकावर एक चार-चार पुस्तकं उचलून नेत होती, तुझी मुंगी. पंचवीस मिनिटं झाली असतील. मी काचेबाहेर, हातातल्या रुमालाच्या पार चिंध्या झालेल्या.

मग तिने एक पुस्तक उचललं, पाठ पूर्ण निखळलेलं. उलटलं, वास घेतला, बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"ह्याला खळ लागेल."

आपल्या भाषेत! बाईंनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मी धावत आत. खळीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आयुष्यात कधी लागलं नव्हतं, म्हणून म्हटलं, मैद्याचा गोंद. तर ही कन्या माझ्यावरच डाफरली, "गोंद नाही आई! गोंदाने पान कडक होतं, मग मोडतं." आणि मग वळून त्या बाईंना तेच सगळं इंग्रजीत, मोडकंतोडकं, हातवारे करून. पातेलं हवं. मैदा हवा. ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. आणि निळी पूड असेल तर ती मोठ्या माणसाने टाकायची, मुलांनी हात लावायचा नाही. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे मैदा आहे." दोघी शाळेच्या स्वयंपाकघरात निघाल्यासुद्धा. मी मागून, विचारायला कोणी नाही.

परत आल्यावर बाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, "अभिप्राय गोपनीय असतो, मी दाखवणार नाही. पण त्यातल्या चार ओळी मी मोठ्याने वाचल्या तर कोणाचं बिघडणार नाही." आणि वाचल्या. मी घरी येऊन आठवतील तशा लिहून ठेवल्यात.

'विद्यार्थिनीला कधीपासून ओळखता: जन्मल्या दिवसापासून. मी तिची मावशी आहे, त्यामुळे माझं मत निम्मंच धरावं. ही मुलगी अनोळखी जागी बोलत नाही. माझ्या शाळेत पहिले चार महिने ती एक शब्द बोलली नव्हती. तिला प्रश्न विचारू नका, हाताला काम द्या. काम मनासारखं असलं की ती समोरच्याच्या चुका दाखवायला लागते, आणि मग तिला थांबवणं अवघड जातं.'

चार महिने, ताई? चार महिने!

मी रोज संध्याकाळी तिला न्यायला यायचे, तेव्हा तू फाटकाशी म्हणायचीस, "मजेत होती हो, खूप गप्पा मारल्या." तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, खिडकीवर माझी दुहेरी ड्यूटी, मी वैतागून गेलेली. तू मला कळूच दिलं नाहीस. चार महिने रोज माझ्या तोंडावर खोटं बोललीस, तू, जी एका फुलासाठी बाईंच्या घरी चालत गेलीस. काल मी मुंगीला विचारलं, खळ कुठे शिकलीस? म्हणाली, "मावशीच्या ऑफिसात. मी बोलत नव्हते ना, तेव्हा रोज. मावशी पण बोलायची नाही. आम्ही पुस्तकं चिकटवायचो." आठ वर्षांच्या पोरीने हे मला आता सांगितलं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणजे 'या मुलीला उपटून नेऊ नकोस' असं तू म्हणालीस ते उगाच नव्हतं. तुला ठाऊक होतं, आणि मला तू तेव्हाही सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. भांडले असते आणि आलेच असते.

जागा मिळाली. चौथी, वर्ग 'ब'. शाळा पाच ऑगस्टला सुरू होते. पत्राच्या खाली मुंगीने काहीतरी लिहायचं म्हणून जागा सोडायला लावली होती, पण आता म्हणते की मावशीला समजतं, लिहायला नको.

जागा तशीच कोरी सोडतेय.





धाकटी


३ ऑगस्ट

ताई,

परवा शाळा. दप्तर भरलंय, गणवेशाचा गळा जरा मोठा आहे, टाका घातलाय. इथे पुस्तकं शाळेतच ठेवतात, घरी फक्त दोन वह्या. मुंगी म्हणाली, दोन तर दोन. पार्सलाचा खाकी कागद तिने कालच गादीखाली सपाट करायला ठेवला. हे मी तिला सांगितलेलं नाही. शेजारची मुलगी अर्धा तास दारात उभी राहून बघत होती, मग आत आली. मुंगीने तिच्या हातात पट्टी दिली. बोलली काहीच नाही, पण तिने घडी तिरकी घातल्यावर "अं हं" म्हणाली. मी स्वयंपाकघरात कान लावून उभी होते.

मागच्या पत्राची पोचपावती यायला यावेळी पाच आठवडे लागले. मनात नको नको ते आलं. वाटलं, खोटं पकडलं म्हणून रागावलीस. आज सकाळी पोस्टमन आला. मी कार्ड हातात घेऊन जिन्यातच उभी राहिले.

शिक्का नाही. कडेला नाही, मागे नाही, कुठेच नाही. नुसती सही, आणि तीही मुख्याध्यापिकेची लांबलचक सही नाही, माझ्या प्रगतिपुस्तकावर आईच्या ऐवजी करायचीस ती छोटी. आणि तिच्याखाली, जिथे काहीही लिहायला मनाई असते, तिथे तुझं बारीक अक्षर. नियमाप्रमाणे असं कार्ड मला खिडकीवर बाजूला काढावं लागलं असतं.

'मुंगीला सांग, खळ गार झाल्यावरच लावायची. तूही ऐक.'

ऐकते. पातेलं खिडकीत ठेवलंय. ती एका बाजूला बसलीय, मी एका बाजूला. बोट बुडवलेलं नाही.

तुझी,
धाकटी